आधी झिरो बघा: गिटारसाठी रॅक पेटी पारखायची कशी

व्हर्निअर हातात घेतला की आधी जबडे मिटवून झिरो बघायचा, मग जॉबला, म्हणजे मोजायच्या तुकड्याला लावायचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या शॉपमध्ये मी इन्स्पेक्शनला आहे, तिथं नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तो विसरला की आख्खी बॅच रिजेक्ट. संध्याकाळी मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, सत्तावीस वर्षं झाली. पण झिरो बघणारा गिटारवाला मला अजून भेटलेला नाही. रॅकमध्ये बसणारी इफेक्टची पेटी जोडतात, सगळ्यात मोठा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा लावतात, डोळे मिटतात, "नाद खुळा!" म्हणतात आणि पैसे मोजतात.

गेल्या आषाढात, बाहेर पावसाची झड लागलेली, भाचा शिवाजी पेठेतल्या माझ्या माडीवर आला. "मामा, दोन रॅक बघून ठेवल्यात. एकात दोनशे प्रीसेट हाईत, दुसऱ्यात शंभरच. दोनशेवाला घेऊ न्हवं?" प्रीसेट म्हणजे पेटीत साठवून ठेवलेले तयार आवाज. मी म्हटलं, ताटात वाट्या किती यावर जेवण ठरवतोस काय? तांबडा आणि पांढरा जमलेला असला की दोन वाट्यांत भागतं. दोन्ही पेट्या दोन दिवसांच्या बोलीवर आण, माझी जुनी आहे तीही लावू आणि तिन्ही मोजू.

त्या दोन दिवसांत जे केलं ते इथं लिहितो. पेट्यांची नावं सांगणार नाही. पंचवीस-तीस वर्षांत चार मालक फिरलेल्या एका नगाला खोकला झाला म्हणून कंपनीला नाव ठेवणं बरोबर नाही. शिवाय मोजायच्या आधीच आम्ही तिन्हींच्या तोंडावर कागदी टेप चिकटवून एक, दोन, तीन असे आकडे टाकले होते. नाव दिसलं की कान आधीच मत देऊन मोकळे होतात.

या पेट्या मुळात गिटारसाठी नव्हत्याच

रॅक म्हणजे १९ इंची, ४८२.६ मिलिमीटर रुंदीची चौकट. एका घराची उंची पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. हे माप टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासूनचं आणि तिथून ते स्टुडिओत आलं. यामाहाची एसपीएक्स ९० आणि लेक्सिकनची पीसीएम ७० या १९८५ च्या आसपासच्या, टीसी इलेक्ट्रॉनिकची २२९० पण त्याच काळातली. पुढं इव्हेंटाइडची एच ३००० आली. या सगळ्या स्टुडिओच्या मिक्सरला जोडायच्या म्हणून बनल्या. गिटारवाल्यांनी त्या नंतर पळवल्या. लॉस एंजेलिसमध्ये बॉब ब्रॅडशॉसारख्या माणसानं स्विचिंगच्या यंत्रणा बांधल्या, स्टीव्ह ल्युकाथर आणि मायकल लँडाऊ यांच्यासारखे सेशनवाले कपाटाएवढे रॅक घेऊन फिरायला लागले. पुढं टीसीची जी-मेजर, लेक्सिकनची एमपीएक्स जी २ अशा गिटार डोळ्यासमोर ठेवून केलेल्या पेट्या आल्या.

हे माहीत असणं कामाचं आहे. "रॅक लावला आणि टोन मेला" या तक्रारीतल्या अर्ध्याअधिक तक्रारी पेटीच्या नसतातच. स्टुडिओच्या मापाच्या भोकात गिटारच्या मापाची पिन घातलेली असते.

पेटीला काय खायला घालता

गिटारचा पिकअप म्हणजे तारेची गुंडाळी. हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप धरला तर साधारण चार हेन्रीची. असला नाजूक सिग्नल घ्यायला समोरची इनपुट दहा लाख ओहमची, म्हणजे एक मेगओहमची लागते. स्टुडिओच्या पेटीची लाइन इनपुट बऱ्याचदा दहा-वीस हजार ओहमचीच असते. दहा हजार ओहम धरून हिशोब केला तर सातशे हर्ट्झच्या आसपासपासून आवाज उतरायला लागतो. पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटचा सूर ६५९ हर्ट्झचा. म्हणजे त्याच्या वरची सगळी चकाकी पेटीच्या दारातच चपला काढून बसते. अशी गिटार थेट जोडून "ही पेटी कोंदट आहे" म्हणणाऱ्याला मी इंचाच्या पट्टीनं मिलिमीटर मोजणारा म्हणतो.

उपाय स्वस्त आहे. गिटार आणि पेटी यांच्यामध्ये एक बफर, म्हणजे नाजूक सिग्नल दमदार करून पुढं देणारं सर्किट ठेवा. वेगळा विकत घ्यायची गरज नाही. बॉसचं कुठलंही साधं पेडल बंद असतानाही बफरचं काम करतं. आमच्याकडं भाच्याचं ट्यूनर पेडल होतं, तेच लावलं.

वायरही मोजमापात धरा. चांगल्या वायरची कपॅसिटन्स मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास असते. सहा मीटरची वायर म्हणजे सहाशे. चार हेन्रीच्या पिकअपबरोबर तिचा ठसका, म्हणजे आवाज सगळ्यात उठून दिसतो ती जागा, सव्वातीन हजार हर्ट्झला बसते. तीन मीटरची लावली की ती वर सरकते. म्हणजे एका पेटीला लांब वायर आणि दुसरीला आखूड लावलीत तर तुम्ही वायरींची तुलना करताय. गिटारपासून बफरपर्यंतची वायर दोन दिवस एकच ठेवा, बदलू नका.

अॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे अॅम्पच्या आतल्या वाटेत मध्येच पेटी टाकणार असाल तर इम्पीडन्सचं, वरच्या ओहमचं दुखणं मिटतं, पण लेव्हलचं सुरू होतं. व्यावसायिक लेव्हल अधिक चार डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. घरगुती लेव्हल उणे दहा डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. फरक पावणेबारा डेसिबलचा, व्होल्टेजमध्ये जवळजवळ चौपट. बहुतेक पेट्यांच्या पाठीमागं यासाठी बटण असतं आणि ते कुठल्या बाजूला आहे हे कुणी बघत नाही. पेटीला कमी दिलंत तर सुळसुळ वाढते, जास्त दिलंत तर डिजिटलचा तो घाणेरडा तडतडाट होतो. तो ट्यूबच्या फाटण्यासारखा गोड नसतो.

कमी देण्याचं नुकसान आकड्यात सांगतो. डिजिटलमध्ये एका बिटामागं सहा डेसिबल. सोळा बिटांच्या पेटीत इनपुट चोवीस डेसिबलनं कमी ठेवलीत तर चार बिटं वाया गेली. सोळा आणे मालातले बाराच आणे वापरले. पेटीचा लाल दिवा कधी तरी, अगदी जोरात वाजवल्यावर एखादा क्षण लुकलुकेल इथपर्यंत इनपुट चढवा आणि मग केसभर खाली घ्या. तुमच्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या प्रीसेटवर हे करा, क्लीनवर नाही.

आता झिरो

झिरो म्हणजे काय? पेटी चालू, सिग्नल तिच्यातून जातोय, पण इफेक्ट शून्यावर. रिव्हर्ब नाही, डिले नाही, कोरस नाही. अशा वेळी आत गेलेला सूर आणि बाहेर आलेला सूर यांत फरक किती? गिटारवाले "ट्रान्सपरंट" म्हणतात ते एवढंच. काही न करताना पेटी काय करते ते आधी कळलं पाहिजे. ती काय काय करू शकते ते मग.

कानानं बघायच्या आधी आवाज सारखा करा, नाहीतर सगळं व्यर्थ. माणसाच्या कानाची खोड अशी की अर्धा डेसिबल मोठा असलेला आवाज त्याला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. जास्त भरीव, जास्त जिवंत. विकणारे लोक हे पक्कं ओळखून असतात. एका ठिकाणी मला पेटी दाखवली तेव्हा तिची आउटपुट बायपासपेक्षा, म्हणजे पेटीला वळसा घालून सरळ जाणाऱ्या सुरापेक्षा चांगली दोन डेसिबल वर ठेवलेली होती. मी पण भुललो होतो, खोटं का बोलू.

तर मोबाईलवर टोन जनरेटरचं फुकटातलं अॅप घ्या आणि दोनशे हर्ट्झचा सूर लावा. सगळीकडं एक हजार हर्ट्झ सांगतात, पण आपल्याकडचा साधा मल्टिमीटर एसी व्होल्ट खात्रीनं चारशे हर्ट्झपर्यंतच मोजतो. त्याच्या वर तो काय दाखवेल ते त्यालाच ठाऊक. म्हणून दोनशे. सूर पेटीच्या इनपुटला द्या, आउटपुटवर मल्टिमीटर एसीला लावा. बायपासमध्ये समजा ५०० मिलिव्होल्ट आले, तर इफेक्ट शून्यावर ठेवून चालू केल्यावरही ५०० यायला हवेत. सहा मिलिव्होल्ट इकडं-तिकडं चालतील, तो दशांश डेसिबलचा फरक आहे. त्याहून जास्त असेल तर आउटपुटची खुंटी फिरवून जुळवा. तिन्ही पेट्या एकाच आकड्यावर आणल्या तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, ह्यात वाजवणं कुठाय?" मी म्हटलं, जॉब चकमध्ये सरळ बसल्याशिवाय मशीन सुरू करतोस काय?

वाजवण्याचंही एक आहे. तुम्ही एकदा वाजवून, पेटी बदलून, पुन्हा वाजवलंत तर दोन्ही वेळा हात सारखा पडत नाही. आपल्याला आवडणारी पेटी लागली की हात आपोआप मोकळा होतो. म्हणून बफरच्या पुढं, पेट्यांच्या आधी एक लूपर, म्हणजे वाजवलेलं भरून पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल ठेवा. त्यात तीन तुकडे भरा: उघड्या तारांचे कॉर्ड जोरात, एक हळू बोटांनी छेडलेली सुरावट, आणि तळहातानं दाबलेल्या जाड तारांचे ठोके. लूपर स्वतः डिजिटल आहे, असू दे. तिन्हींना तोच आहे, म्हणजे भेदभाव नाही.

मग पाठ फिरवून बसायचं आणि दुसऱ्यानं बायपास आणि पेटी अशी अदलाबदल करायची. कागदावर दहा खेपांचे दहा रकाने. प्रत्येक खेपेला तुम्ही "थेट" की "पेटी" एवढंच सांगायचं. अदलाबदल करणाऱ्यानं नाणं उडवून ठरवायचं, मनानं नाही. मनानं ठरवलं की माणूस आलटून-पालटून देतो आणि चौथ्या खेपेला ते ओळखू येतं. दहांत नऊ बरोबर आले तर फरक खरा. पाच-सहा आले तर तुम्हीही नाणंच उडवताय.

आमचे आकडे असे आले. एक नंबर: दहापैकी दहा. ढळढळीत सुळसुळ. भाच्याचं तोंड उतरलं, कारण दोनशे प्रीसेटवाली तीच होती. मग पाठीमागं बघितलं तर लेव्हलचं बटण चुकीच्या बाजूला. ते सरकवून, सगळं परत जुळवून पुन्हा दहा खेपा केल्या, सहा आले. म्हणजे पेटी चोर नव्हती, आम्हीच तिला उपाशी ठेवलं होतं. दोन नंबर: पाच. तीन नंबर: नऊ.

तीन नंबर माझी. बारा वर्षं मी जिला "काचेसारखी" म्हणून गावभर मिरवतोय ती. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि चहा सांगितला.

कोरा सूर कुठल्या वाटेनं जातो

हा भाग सावकाश वाचा, कारण इथंच सगळं आहे.

पेटीत दोन वाटा असतात: कोऱ्या सुराची, जिला ड्राय म्हणतात, आणि इफेक्टची, जिला वेट म्हणतात. काही पेट्यांत कोरा सूर साध्या अॅनालॉग वाटेनं सरळ बाहेर जातो आणि फक्त इफेक्टचा भाग डिजिटल होतो. काहींत सगळंच आधी आकड्यांत बदलतं आणि परत सुरांत येतं. दुसऱ्या प्रकारात कोरा सूर एक-दोन मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो.

नुसत्या उशिराला घाबरू नका. एका मिलिसेकंदात आवाज चौतीस सेंटिमीटर जातो. अॅम्पपासून तीन मीटर लांब उभे राहिलात तर नऊ मिलिसेकंद तसेही जातात. भानगड होते ती उशिरा आलेला कोरा सूर आणि वेळेवर आलेला कोरा सूर एकत्र मिसळले की. एक मिलिसेकंदाच्या फरकानं ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५००, मग २५००, अशी कंगव्याच्या दातांसारखी रांग. दीड मिलिसेकंद असेल तर ३३३, १०००, १६६७. गिटार सगळी याच पट्ट्यात राहते. आवाज नळीतून आल्यासारखा होतो आणि माणूस इक्वलायझर फिरवत बसतो. कंगव्याचे दात इक्वलायझरनं भरत नाहीत.

हे घडतं पॅरलल लूपमध्ये, जिथं अॅम्प स्वतः कोरा सूर पुढं पाठवतच असतो आणि पेटीतूनही कोरा सूर परत येतो. म्हणून तिथं पेटी पूर्ण वेटवर ठेवायची. टीसीच्या जी-मेजरमध्ये यासाठी "किल ड्राय" नावाची सोयच आहे. अशी सोय नसेल तर प्रत्येक प्रीसेटचं मिक्स शंभरावर नेऊन सेव्ह करावं लागतं. रविवारची सकाळ जाते, पण करा.

तुमच्या पेटीची वाट कुठली ते माहितीपत्रक नसतानाही कळतं. मंडपवाल्या मित्राकडून छोटा मिक्सर आणा. बफरनंतरचा सिग्नल वाय वायरनं दोन भागांत करा. एक भाग थेट पहिल्या चॅनलला, दुसरा पेटीतून, इफेक्ट शून्यावर ठेवून, दुसऱ्या चॅनलला. दोन्ही फेडर सारखे. आता वाजवा. आवाज फक्त मोठा झाला तर वाट अॅनालॉग. पोकळ, नळीतला झाला तर डिजिटल. आणि सगळाच आवाज पातळ होऊन मरायला टेकला तर पेटी सिग्नल उलटा करून देते, हेही एक समजलं. ध्यानात ठेवा, एका आउटपुटचे दोन भाग वाय वायरनं करता येतात, दोन आउटपुट वाय वायरनं एकत्र करायच्या नाहीत. त्यासाठी मिक्सरच हवा.

माझी तीन नंबर इथं उघडी पडली. पोकळ. आत जाऊन बाहेर येताना ती वरची थोडी धार खाते, आणि इतकी वर्षं मी ती सरळ सिग्नलच्या रांगेत लावत होतो.

मग तिचं काय केलं? तोच छोटा मिक्सर घरात ठेवून घेतला. प्रीअॅम्पची आउटपुट मिक्सरच्या पहिल्या चॅनलला, तिथून सरळ बाहेर, म्हणजे कोरा सूर कधी डिजिटलला शिवतच नाही. ऑक्स सेंडमधून, म्हणजे मिक्सरच्या बाजूच्या वाटेनं सूर पेटीला जातो, पेटी पूर्ण वेटवर, आणि तिचे दोन्ही आउटपुट दोन रिकाम्या चॅनलला. रिव्हर्ब कमी-जास्त करायला बोटाखाली फेडर. त्या पेटीचा रिव्हर्ब अजूनही मला तिन्हींत आवडतो. फक्त कोरा सूर तिच्या हाती द्यायचा नाही. पैशाची सोय असेल तर दोन नंबरसारखी पेटी घ्या, नसेल तर मिक्सर घ्या आणि कुठलीही घ्या.

बायपासचंही एक झटपट बघा. वाजवता वाजवता पेटीची मेन वायर काढा. आवाज चालू राहिला तर आत रिले, म्हणजे वीज गेली की सूर सरळ जोडणारा स्विच आहे, कार्यक्रमात पेटी मेली तरी तुम्ही मरत नाही. आवाज बंद पडला तर जवळ एक जास्तीची वायर ठेवा.

गुणगुण

गुणगुण आली की लोक थेट पेटीला शिव्या देतात. आधी ती कुठली ते ओळखा. आपली लाइन पन्नास हर्ट्झची. अर्थ लूपची, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याची गुणगुण पन्नास आणि शंभर हर्ट्झला येते, म्हणजे जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या जी सुराच्या शेजारी. तो सूर ९८ हर्ट्झचा आहे. तो वाजवून बघा, गुणगुण त्याच्याशी लहरत असेल तर दोष वायरिंगचा. सुळसुळ असेल तर लेव्हलचा. चिरचिरी असेल तर जवळच्या एलईडीच्या ड्रायव्हरचा.

अर्थ लूपला आमच्याकडचा गावठी इलाज म्हणजे तीन पिनांतली मोठी पिन मोडणं. तो करू नका. पावसाळ्यात ओल्या मंडपात, लोखंडी स्टेजवर, घामेजल्या हातात तारा धरून माइकला तोंड लावणारे आपण. ती पिन तुमच्यासाठी आहे, आवाजासाठी नाही. त्याऐवजी सगळ्या पेट्या आणि अॅम्प एकाच बोर्डवर घ्या. मग रॅकचे स्क्रू काढून एकेक पेटी लाकडाच्या फळीवर बाहेर ठेवून बघा. गुणगुण गेली तर दोन पेट्यांचे पत्रे रॅकच्या पट्टीतून एकमेकांना भेटतायत. प्लॅस्टिकचे वॉशर घाला, प्रत्येकीचा अर्थ तिच्या तिच्या वायरमधून चालूच राहतो. तरी नाही गेली तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. आणि पॉवर अॅम्पच्या थेट डोक्यावर प्रीअॅम्प ठेवू नका, एक घर मोकळं सोडा.

इफेक्ट ऐकताना

ही मजेची बाजू आहे, ती तुम्हाला शिकवायला नको. दोन-तीन गोष्टी मात्र कोणी सांगत नाही.

तपासणी हेडफोनवर करू नका, आपल्याच स्पीकरवर करा. एसपीएक्स ९० चा इफेक्ट बारा हजार हर्ट्झपर्यंतच जातो, हा आकडा वाचून लोक नाक मुरडतात. पण सेलेशनचा व्हिंटेज ३० हा गिटारवाल्यांचा लाडका स्पीकर कंपनीच्याच आकड्यानुसार सत्तर ते पाच हजार हर्ट्झचा. पाच हजारांच्या दारातून बारा हजारांचं काही जात नाही. गिटारच्या कॅबिनेटवर वाजवणार असाल तर कागदावरचे वरचे आकडे विसरा. सरळ मिक्सरला जाणार असाल तर मात्र बघा.

रिव्हर्ब ऐकायचा तो तारा दाबून काढलेल्या एका "चक्" वर. लांब कॉर्डमागं सगळे रिव्हर्ब छान वाटतात. एका ठोक्यानंतर शेपूट ऐका: पत्र्याचा डबा वाजल्यासारखी चिंऽऽग येते का, की विरत जाते? आवाज अगदी तळाशी जाताना वाळूसारखा खरखरतो का?

कोरस आणि डीट्यून मोनोत ऐका. हे कोल्हापूरकरांनी तर नक्की करा. मंडपातला साऊंड बहुतेक मोनो असतो. एका बाजूला नऊ सेंट वर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), दुसऱ्या बाजूला नऊ सेंट खाली, असला इफेक्ट घरी दोन स्पीकरवर आकाशाएवढा वाटतो आणि मंडपात दोन्ही बाजू एकत्र आल्या की घसा बसल्यासारखा होतो. मिक्सरवर दोन्ही पॅन मध्यावर आणून बघा, आणि जे टिकेल तेच सेव्ह करा.

ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी आणखी एक: कॉर्ड धरून ठेवा आणि प्रीसेट बदला. मध्ये आवाज किती वेळ तुटतो? लावणीचा तुकडा संपून डिस्कोचा सुरू होताना ढोलकीवाला थांबत नाही. आधीच्या डिलेची शेपूट पुढं चालू राहते की कात्रीनं कापल्यासारखी जाते, तेही बघा. एक नंबर इथं दोन नंबरपेक्षा चांगली निघाली, हे कबूल.

आणि पारदर्शकपणाचं भूत डोक्यात चढू देऊ नका. मिरजेला तंबोऱ्याची जवारी लावताना बघा कधी. घोडीवर तार जिथं टेकते तिथं कारागीर घासून घासून असा उतार देतो की तार किंचित घासत झंकारते, आणि त्यावर पुन्हा दोऱ्यानं नेमकी जागा धरायची. स्वच्छ तारेत मुद्दाम काहीतरी मिसळलेलंच असतं ते. काही जुन्या पेट्यांची इनपुट थोडी ताणली की असाच दाणा येतो आणि तो हवाहवासा असतो. माझं म्हणणं इतकंच की तो तुम्ही घातलेला असावा, नकळत घुसलेला नसावा.

जुनी घेताना

आधी मागची पट्टी वाचा. १२० व्होल्टची पेटी आपल्या २३० ला लावली की धूरच निघतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. पट्टीवर नुसतं ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर आपल्या पन्नासवर आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. अलेसिसच्या क्वाड्राव्हर्बसारख्या पेट्यांचा बाहेरचा अडॅप्टर नऊ व्होल्ट एसीचा असतो, त्या जागी डीसीचा घालून चालत नाही.

जुन्या पेट्यांची प्रीसेटची आठवण आत एका लिथियम बॅटरीवर टिकते. एखादा प्रीसेट सेव्ह करा, पेटी बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी बघा. गेला असेल तर बॅटरी संपली. बॅटरी स्वस्त असते, पण बऱ्याच पेट्यांत ती बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते, म्हणून जाणत्याकडूनच बदला. प्रत्येक बटण, प्रत्येक खुंटी फिरवा. दोन्ही इनपुट, दोन्ही आउटपुट वेगवेगळे बघा, जॅक हळूच हलवून बघा.

आपल्या भागात आणखी एक बघायचं. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शाहूपुरीपर्यंत आलं होतं, आणि त्या पाण्यातून निघालेलं पुष्कळ इलेक्ट्रिक सामान पुसून पुन्हा बाजारात गेलं. वरचा पत्रा काढायला लावा. कोपऱ्यात वाळलेला तांबूस गाळ, आतल्या स्क्रूंना गंज, ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी, असं काही दिसलं की किंमत विचारू पण नका. पत्रा काढू देत नसेल तर तिथंच राम राम.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेप सोलली. भाच्यानं दोन नंबर ठेवून घेतली. बॅटरी मेलेली, डिस्प्ले डाव्या बाजूनं अंधारलेला, आणि ते दोन्ही दाखवून मालकाकडून बाराशे रुपये कमी करून घेतले. त्यातल्या तीनशेंत बॅटरी बदलून झाली. उरलेल्यात गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायलो आणि मिक्सरला दोन वायरी घेतल्या. वायरींचे पैसे त्यानं माझ्या नावावर मांडलेत. म्हणतो, "मामा, तुझ्या पेटीच्या औषधाचा खर्च हाय तो."